मुहूर्ताचा पेशंट

"मोठेबाबा, आता तोंड उघडा," भूमिका म्हणाली आणि दवाखान्यात दाटीवाटीने उभी असलेली वीस-पंचवीस माणसं एकदम हसली.

हसण्यासारखंच होतं ते. चंपतराव भोयरांना तोंड उघडा असं सांगायची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. लग्नाच्या पंगतीत ते बोलायला लागले की वाढपी वाढायचं विसरायचे. आज ते पांढरा सदरा घालून, कपाळाला कुंकू लावून पुतणीच्या नव्या दवाखान्यातल्या स्टुलावर बसले होते, आणि स्टूल फिरतं हे लक्षात आल्यापासून जरा जरा फिरूनही पाहत होते.

ते मुहूर्ताचे पेशंट होते. दुकानाला जशी बोहनी, तसा नव्या दवाखान्याला हा पेशंट लागतो. मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. अट एकच, त्याला काही झालेलं नसावं. त्याने 'जरा अंग दुखते' म्हणायचं, डॉक्टरने छातीला नळी लावायची, नव्या पॅडवर श्री लिहून खाली शक्तीची गोळी लिहायची, पेशंटने 'बरं वाटलं' म्हणायचं, की टाळ्या, फोटो आणि जेवण. चंपतराव हे भूमिकाच्या वडिलांचे, धर्मेंद्रचे, थोरले भाऊ, तेव्हा हा मान त्यांच्याकडे आपसूकच आला. त्यासाठी त्यांनी दारातच तोंडातला खर्रा थुंकून टाकला होता. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा तो घोटलेला ऐवज चाळीस वर्षं त्यांच्या डाव्या गालात मुक्कामाला होता, म्हणजे त्यांच्या मते हा त्याग लहान नव्हता.

भूमिकाने नळी लावली, बीपी पाहिलं आणि सवयीने तोंड उघडायला सांगितलं. हे कार्यक्रमात नव्हतं.

चंपतरावांनी आ केला. तो फार तर दोन बोटांचा झाला.

"अजून, मोठेबाबा."

"इतकंच उघडते बाप्पा. बोलाले पुरते न."

पुन्हा हशा. मागून कोणी तरी म्हणालं, "पंगतीत पाहा, कसं उघडते ते!" भूमिकाही हसली. हसतच तिने हातमोजा चढवला, टॉर्च लावला, आणि मग हसू तिच्या चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं. डाव्या गालाची आतली कातडी पांढरी पडून ताठरली होती. शेवटच्या दाढेमागे चिंचोक्याएवढी लाल जखम होती. तिने जखमेच्या कडेला बोट लावलं. कड टणक होती. चंपतरावांनी डोळे गच्च मिटले, पण चारचौघांत आवाज काढला नाही.

"हे कधीपासून आहे?" तिने हळूच विचारलं.

"थे? दाढ लागते थोडी. होते बरी."

"भूमे, लिही न वं गोळी लवकर," तिची आई, वंदनाबाई, कानाशी येऊन म्हणाली. "भात निवून राहिला."

भूमिकाने पॅडवर श्री लिहिलं, चंपतरावांचं नाव लिहिलं आणि खाली शक्तीची गोळी न लिहिता नागपुरातच, धंतोलीत बसणाऱ्या एका कॅन्सर सर्जनच्या नावाने इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. जखमेचा तुकडा काढून तपासावा, अशा अर्थाच्या. मग ती वाकून म्हणाली, "मोठेबाबा, हे साधं नाई. उद्याच धंतोलीले जा लागते. मी येते संग."

"जाऊ न बाप्पा," चंपतराव म्हणाले आणि त्यांनी फोटोसाठी मान वर केली. त्यांचा मुलगा रोहित मोबाइल धरून समोर उभा होता. भूमिकाने त्यालाही सांगितलं. "हो ताई," तो म्हणाला, "जरा इकडं पाहा." टाळ्या पडल्या. चंपतरावांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

भूमिकाने सांगितलं होतं, यात शंका नाही. पण कार्यक्रम थांबवून सांगितलं नव्हतं. ही गोष्ट पुढे तिच्या मनाला फार लागली.

भूमिका एकतीस वर्षांची. घराणं भिवापूरचं, मिरची पिकवणाऱ्यांचं, पण वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात लागले म्हणून तिचा जन्म नागपूरचा. डॉक्टरीची सहा वर्षं तिने बिश्केकला काढली. किर्गिझस्तान म्हणायला जड, म्हणून घरातले सगळे त्याला सरळ रशियाच म्हणत. तिकडे बाहेर उणे वीस थंडी, ताटात बटाटा आणि डोक्यात रशियन, असे दिवस गेले. खरी कसोटी परत आल्यावर होती. बाहेर शिकून आलेल्यांना इथे एक वेगळी परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय दवाखाना काढता येत नाही. भूमिका तीनदा नापास झाली. पहिल्या वेळी नातेवाइकांनी धीर दिला, दुसऱ्या वेळी स्थळं आणली आणि तिसऱ्या वेळी कोणी काहीच बोललं नाही, ते सगळ्यात वाईट होतं. फक्त चंपतराव दर वेळी भिवापूरहून फोन करून म्हणत, "बस पुन्हा. मले काही घाई नाई."

चौथ्या वेळी ती पास झाली. मग नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आपल्याहून सहा-सात वर्षांनी लहान पोरांबरोबर वर्षभर इंटर्नशिप केली, आणि आता हिंगण्याच्या रस्त्यावर वेल्डिंगच्या दुकानाशेजारी हा गाळा घेतला होता.

तोंड पाहायची सवय तिला बिश्केकने लावली. तिथल्या दवाखान्यात गुलबारा नावाची साठीची एक डॉक्टरीण शिकवायला होती. पेशंट गुडघा धरून येवो की ताप घेऊन, ही बाई पहिल्यांदा म्हणायची, 'अत्क्रोयते रोत.' म्हणजे तोंड उघडा. तिकडची माणसं ओठाखाली नसवाय नावाची तंबाखूची हिरवी गोळी धरतात. गुलबारा मॅडमचे वडील त्यानेच गेले होते. भारतातून आलेल्या पोरापोरींना ती रांगेत उभं करून एकेका पेशंटचं तोंड दाखवायची, आणि जो नीट पाहणार नाही त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवायची. भूमिकाने तिथे शेकड्याने तोंडं पाहिली. सहा वर्षांच्या शिक्षणात एवढी एकच गोष्ट अशी होती, की तिच्याबद्दल तिला दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नसे.

पण आपल्याला खात्री असणं वेगळं आणि लोकांनी ऐकणं वेगळं. दवाखान्यात कारखान्यांतली माणसं यायची, आत डोकावून विचारायची, "मॅडम, डॉक्टर किती वाजता येते?" मीच डॉक्टर असं सांगितलं की म्हणायची, "तसं नाही, मोठे डॉक्टर." बोर्डावर पदवीच्या पुढे देशाचं नाव होतं. एकाने ते मोठ्याने पूर्ण वाचून काढलं आणि खोकल्याचं औषध न घेताच मोटारसायकलला किक मारली.

चंपतरावांना ती रोज फोन करत होती. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. मग मिरचीचा सातरा सुरू झाला. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ तोडायची जागा. तिथे दिवसभर चाळीसेक बायका कामाला असतात आणि त्यांच्यावर देखरेख चंपतरावांची. पुढच्या वेळी ते म्हणाले, "रोहित नेते म्हणे रविवारी." रोहितला विचारलं तर तो म्हणाला, "कायले ताई? बाबा तर म्हणे, तू शक्तीची गोळी लिहून देल्ली."

असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात भूमिकाने दवाखान्याला कुलूप लावलं आणि उमरेडवरून जाणारी भिवापूरची बस धरली.

पंचफुलाबाई अंगणात होत्या. पुतणीला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आली वं! न सांगता? बस, चहा ठेवते."

"मोठी आई, ती चिठ्ठी कुठं आहे? मी मुहूर्ताले लिहिली होती ती."

"आहे न जपून," पंचफुलाबाई अभिमानाने म्हणाल्या आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. देवघरात, देवीच्या तसबिरीखाली, चिठ्ठी नीट टेकवून ठेवली होती. वरच्या श्रीवर हळदीकुंकू वाहिलेलं होतं, कडेला ताजं जास्वंद. "तुह्या हातची पहिली चिठ्ठी. रोज फूल ठेवते मी तिच्यावर. कोणाले हात नाई लावू देत."

भूमिका नुसती पाहत राहिली. तिने डॉक्टर होऊन लिहिलेलं पहिलं वाक्य तीन आठवडे तिथे पूजा घेत होतं आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस सातऱ्यावर बसला होता. तिने फूल बाजूला ठेवलं आणि चिठ्ठी उचलली.

"अवं! देवापुढचं उचलते?"

"मोठी आई, हे देवाले नाई लिहिलं."

पंचफुलाबाईंना ते आवडलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सातऱ्यावर न्यायचा डबा भरू लागल्या. भूमिका मागोमाग गेली. कढईत वांग्याची भाजी होती, तिच्यावर तेलाची लाल तर्री आलेली, भिवापुरात असते तशी. डब्यात मात्र त्या दूधभात कालवत होत्या.

"हे कोणाले?"

"त्याइले. दाढ लागते म्हणते न."

"कधीपासून खाते ते असं?"

"झाले आठ दिवस," पंचफुलाबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

सातरा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत होता. मिरचीचे लाल ढीग, आणि त्यांच्या कडेने तोंडाला पदर गुंडाळून बसलेल्या बायका. चंपतराव कडुनिंबाखाली बाजेवर बसून कसला तरी किस्सा रंगवत होते आणि बायका हात न थांबवता हसत होत्या. गालात खर्रा होता.

"अरे, डॉक्टरसाहेब!" ते ओरडले. "पाहा वं बायांनो, हे माही डॉक्टर. रशियाहून आली."

भूमिका बाजेपाशी जाऊन उभी राहिली. मागच्या वेळी ती कानात बोलली होती. आज तिने आवाज खाली ठेवला नाही.

"मोठेबाबा, तुमच्या गालात कॅन्सर असू शकते. तीन आठवडे झाले मले सांगून. आज माह्या संग नागपूरले चला."

देठ तोडणारे हात थांबले.

चंपतराव हसले. "काय वं पोरी! मी मुहूर्ताचा पेशंट होतो. खराचा थोडी होतो."

"मी तर खराच तपासला."

त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बायका त्यांच्याकडेच बघत होत्या. मग ते म्हणाले, "तीन डाव चुकली होती न तू? हे चौथं समज अन् घरी जा."

असं ते कधी बोलले नव्हते. तिची ती तीन अपयशं ज्या एका माणसाने तिच्यापुढे कधी काढली नव्हती, त्यानेच आज ती चारचौघांत काढली. भूमिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीच्या खकाण्याने सगळ्यांच्याच डोळ्यांत होतं, म्हणून ते कोणाला वेगळं दिसलं नाही.

"चुकली असंन तर बरंच आहे," ती म्हणाली. "मले चुकायचंच आहे, मोठेबाबा. म्हणून तर चला म्हणून राहिली. चुकली तर गावभर सांगा, भूमी पुन्हा नापास झाली म्हणून."

चंपतराव बाजेवरून उठले, निंबामागे जाऊन थुंकले, चूळ भरली आणि उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "बस कितीची आहे?"

ती चुकली नव्हती.

आठ दिवसांनी तपासायला दिलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. धंतोलीतला सर्जन शांत माणूस होता. त्याने कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून कुठपर्यंत कापावं लागेल ते दाखवलं. डाव्या बाजूचा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा जाणार, तिथे छातीची कातडी लावणार. "गाठी पसरलेल्या नाहीत, वेळेत आलात," तो म्हणाला. "दोन-तीन महिन्यांनी आला असतात तर मी हात लावला नसता. पाठवलं कोणी?"

"घरच्या डॉक्टरनं," चंपतराव म्हणाले.

सर्जनने चिठ्ठी वाचली, उलटसुलट करून पाहिली. "लिहिलं बरोबर आहे. पण यावर हळद कशी?"

ऑपरेशन सात तास चाललं. पुढे सहा आठवडे रेडिएशनचे शेक घ्यायचे होते, म्हणून चंपतराव आणि पंचफुलाबाई धर्मेंद्रकडेच, नागपूरला राहिले. पंचफुलाबाईंनी नवऱ्याचं सगळं केलं. नळीतून दूध घालणं, पट्टीखालचं ओलं टिपणं, रात्रंदिवस लाळेचे फडके धुणं. पण भूमिकाशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ती एका दारातून आली की त्या दुसऱ्या दारातून जायच्या. ती पट्टी बदलायला बसली की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. काय ते वंदनाबाईंजवळ बोलत.

"मुहूर्तालेच तोंड उघडाले लावलं तिनं. धडधाकट माणूस गेल्ता आशीर्वाद द्याले. गोळी लिहिली असती तर काय बिघडे?"

भिवापुरात तर ही गोष्ट आणखी सुटसुटीत होऊन फिरली. चंपतराव पुतणीच्या दवाखान्यात चालत गेले आणि जबडा देऊन आले. पोरीच्या हाताले गुण नाई. गावाकडचे जे दहा-बारा लोक दवाखान्यात येऊ लागले होते, तेही बंद झाले. वंदनाबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "तेव्हा गोळी लिहाची, दुसऱ्या दिवशी सांगाचं. लोकाइले असंच लागते, भूमे."

"दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं, आई?"

वंदनाबाईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. भूमिकाला राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. मोठेबाबा जिवंत होते हे कोणी मोजतच नव्हतं. गेलेला गाल सगळ्यांना दिसत होता, राहिलेला माणूस दिसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर कधी कधी तिलाही तो दिसत नसे. चंपतराव बोलेनासे झाले होते. शब्द नीट उमटत नव्हते, बोलताना लाळ गळायची, दोनदा कोणी 'काय म्हणता?' विचारलं आणि तिसऱ्यांदा त्यांनी बोलायचं सोडूनच दिलं. पाणी हवं असलं की ते पेल्यावर बोट वाजवायचे. भूमिका टाके पाहायची तेव्हा ते तिच्याकडे बघत राहायचे, आणि झालं की मान हलवायचे. त्या मान हलवण्यात राग होता की आणखी काही, हे तिला कधी विचारता आलं नाही.

मे महिन्यात दोघं भिवापूरला परत गेले. जाताना पंचफुलाबाईंनी सगळ्यांचा निरोप घेतला. भूमिकाचा घेतला नाही.

दवाखाना मात्र आपल्या गतीने चालू लागला. एका शिफ्टमधले दोघे तापातून बरे झाले, त्यांनी चौघांना पाठवलं. 'मोठे डॉक्टर कधी येते' हे विचारणं हळूहळू थांबलं. नंबर लिहायला सोनिका नावाची एक मुलगी ठेवावी लागली. भूमिका प्रत्येकाला आधी तोंड उघडायला लावायची. लोक कुरकुरायचे, पण उघडायचे.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूकही निघून गेली. त्यानंतरच्या एका मंगळवारी सकाळी सोनिका पडद्यातून आत आली.

"मॅडम, बाहेर एक म्हातारी बाई आहे. तुमच्या नात्यातली आहे म्हणे. आत या म्हटलं तर येत नाई. नंबर लाव म्हणते."

भूमिकाने पडदा जरा सरकवला. बाकड्यावर, दोन कामगारांच्या मध्ये, पंचफुलाबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, हातात सोनिकाने दिलेली चिठ्ठी, दहा नंबरची.

"आत्ता कितवा चालू आहे?"

"तिसरा."

भूमिका उठून बाहेर जाणार होती. मग तिने पडदा सोडला. "लाव चौथा आत," ती म्हणाली. त्यानंतरच्या सहा जणांना तिने कसं तपासलं ते तिला आठवत नाही, पण एकालाही घाईने तपासलं नाही एवढं खरं.

दहावा नंबर आत आला. पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या, ते फिरतं म्हणून त्यांनी टेबलाची कड धरली.

"लिही," त्या म्हणाल्या. "पंचफुला चंपतराव भोयर. वय साठ. नाई, एकसष्ट लिही."

भूमिकाने लिहिलं. "काय होते, मोठी आई?"

पंचफुलाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, तो नीट मिटला आहे ना याची खात्री केली. "मी गुडाखू घासते वं. लग्नाच्या आधीपासून. सकाळ-संध्याकाळ, मोरीत जाऊन. बायाइले माहीत आहे, घरात कोणाले माहीत नाई." तंबाखू आणि गुळाचं ते काळं मंजन इकडच्या पुष्कळ बायका घासतात. भूमिकाने तोंडं पाहून पाहून ओळखलं असतं, पण मोठ्या आईचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. "परवा त्याइच्या हाती डबी लागली. काही बोलले नाई. बोलतेच कुठं आता. आज सकाळी उठले, सदरा घातला अन् स्टँडवर जाऊन बसले. मी बोलवाले गेली तर उठत नाई. एक बस गेली, दुसरी गेली. मंग मले समजलं, कायले बसले ते."

"आता कुठं आहेत?"

"बाहेर. त्या वेल्डिंगवाल्याच्या सावलीत."

पंचफुलाबाईंनी पदराने ओठ पुसले आणि खाली मान घालून म्हणाल्या, "आठ दिवस नव्हते झाले, भूमे. दिवाळीपासून ते तिखट खात नव्हते. मीच वेगळं करून वाढत होती अन् कोणाले सांगत नव्हती. भिवापूरच्या माणसाच्या तोंडाले तिखट लागते, असं कोणत्या तोंडानं सांगू? मले माहीत होतं काहीतरी आहे. अन् तू एका मिनिटात पाहिलं. तुह्यावर राग नव्हता वं तो."

भूमिकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला पुष्कळ सांगायचं होतं, मुहूर्ताच्या दिवशी मीही हळूच बोलले, मीही तीन आठवडे फोनच करत बसले, असं. पण बाहेर पेशंट होते आणि पंचफुलाबाई ऐकायला आल्या नव्हत्या, दाखवायला आल्या होत्या.

तिने हातमोजे घातले. "आ कर, मोठी आई."

पंचफुलाबाईंनी डोळे मिटले आणि चाळीस-पन्नास वर्षं पदराआड ठेवलेलं तोंड उघडलं. दात काळे पडले होते. भूमिकाने उजवा गाल पाहिला, डावा गाल, दाढांच्या मागे, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, ओठाच्या आत. बोट फिरवून पाहिलं. सगळीकडे मऊ होतं, कुठे काही नव्हतं. सोनिका पडद्याशी येऊन अकरावा नंबर पाठवू का विचारत होती. भूमिकाने तिला हातानेच थांबवलं आणि पुन्हा उजव्या गालापासून पाहायला घेतलं, आणि पंचफुलाबाई तशाच, टेबलाची कड धरून, आ करून बसून राहिल्या.